ताटातला स्वाभिमान
(राई येथील वर्षावास प्रवचनमालेत केलेले भाषण)



वर्षावासाच्या या प्रवचनमालेत आम्हाला विषय मिळाला आहे तो आरोग्याचा आणि आहाराचा. आम्ही डॉक्टर नाही. आपल्यासारखेच नोकरी-धंदा करून संसार चालवणारे साधे कार्यकर्ते आहोत. परंतु घराघरांत जाताना जे दिसते आणि जाणकारांकडून, पुस्तकांतून जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवावे एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू या. पालेभाजी, डाळी, कडधान्ये, भाकरी, फळे असा वनस्पतींवर आधारलेला आहार घ्या, असे म्हटले की आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडते. आणि ते साहजिक आहे. या देशात कोण काय खातो यावरून माणसाची जात ओळखली गेली. शाकाहारी तो शुद्ध आणि मांसाहारी तो हलका, असा हिशेब मांडला गेला. भाड्याचे घर शोधताना तो हिशेब आजही कित्येकांना सोसावा लागतो. आम्ही त्या हिशेबाने बोलत नाही. भगवान बुद्धांनीही ही बाब सक्तीची केली नव्हती. संघात मासे-मांस पूर्ण वर्ज्य करावे, अशी मागणी देवदत्ताने केली होती. तथागतांनी ती नाकारली आणि आपल्यासाठी प्राणी मारल्याचे जे पाहिले, ऐकले वा ज्याची शंका आली, ते मांस भिक्खूने घेऊ नये, एवढीच मर्यादा घातली. म्हणून शुद्ध-अशुद्धाचा प्रश्न आपण बाहेर ठेवू या. आजचा आपला प्रश्न एवढाच आहे की, आपल्या ताटात जे पडते त्याने आपले शरीर बळकट होते की खंगते?

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. मार्च १९२७ मध्ये महाड येथे चवदार तळ्याचा ऐतिहासिक संग्राम झाला, हे येथील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावरांचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडून देण्यास सांगितले, याची आठवण कमी वेळा काढली जाते. ज्या ओंजळीने तळ्याचे पाणी घ्यायचे, त्या ओंजळीत दुसऱ्याचे उष्टे नको, असा तो विचार होता. ताट हेसुद्धा स्वाभिमानाचे ठिकाण आहे, ही शिकवण आपल्याला महाडने दिली.

आता आपल्या आजच्या ताटाकडे पाहू या. आपल्यापैकी कुणाचे मूळ गाव रत्नागिरीकडे, कुणाचे बुलढाण्याकडे, कुणाचे मराठवाड्यात. पोटापाण्यासाठी आपण मुंबईत आलो आणि तेथून भाईंदरकडे सरकलो. राई, मुर्धे, मोर्वे हा मूळचा भातशेतीचा आणि मिठागरांचा मुलूख. येथील भूमिपुत्र आगरी बांधव आपले शेजारी झाले. आपण गावाहून आलो तेव्हा आपल्या आयांनी बोचक्यात काय बांधून आणले होते? कोकणातल्या आईने नाचणीचे आणि कुळथाचे पीठ, घाटावरच्या आईने ज्वारी-बाजरी, वऱ्हाडातल्या आईने वाळवलेली अंबाडी. येथे चार पैसे मिळू लागले आणि ते सारे आपल्याला गरिबीचे अन्न वाटू लागले. भाकरीची जागा पांढऱ्याशुभ्र भाताने आणि पावाने घेतली. पाहुण्यांसमोर नाचणीची भाकरी वाढायची आपल्याला लाज वाटू लागली.

बंधूंनो, त्या लाजेने आपले किती नुकसान केले ते पाहा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते जेमतेम दहा मिलिग्रॅमच्या आसपास भरते. हाडे ठिसूळ झाली म्हणून आपण गोळ्या आणतो आणि नाचणी मात्र गावाकडे ठेवून येतो! संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. ज्याची आपल्याला लाज वाटली, त्याचा जगाने गौरव केला.

पांढऱ्या तांदळाची एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. १८९० नंतरच्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. त्यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. त्या कोंबड्या सडून पांढरा केलेला तांदूळ खात होत्या, असे ध्यानात आले. कोंड्यासह तांदूळ देताच त्या बऱ्या झाल्या. तांदळाच्या वरच्या पापुद्र्यात जे होते ते पुढे जीवनसत्त्व ब-१ म्हणून ओळखले गेले आणि आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे आपल्या आज्या उखळात कांडून जो लालसर तांदूळ रांधत, तो अडाणीपणा नव्हता.

मग रोजच्या ताटात काय असावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शन प्रसिद्ध केले. साधारण दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, २५० ग्रॅम धान्ये आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये असावीत, असे त्यात म्हटले आहे. मांसाहार करणाऱ्यांनी डाळींचा काही भाग अंडी-मासळीने भरून काढावा. थोडे दाणे, तीळ आणि दूध-दहीही त्यात आहे. वजन करीत बसण्याची गरज नाही. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि फळांनी भरला की हिशेब बराचसा जुळतो. आपल्याकडे मात्र भाताचा डोंगर आणि कडेला भाजीची चिमूट असते!

भाजी महाग आहे, असे भगिनी म्हणतात, आणि ते खरे आहे. म्हणून स्वस्त मार्ग पाहू या. पावसाळ्यात स्टेशनबाहेर आदिवासी भगिनी टाकळा, कुर्डू, शेवळे, कंटोळी यांचे वाटे घेऊन बसतात. त्या भाज्या ओळखून घ्या आणि शिजवण्याची रीत त्या भगिनींनाच विचारा. शेवळे आणि अळू आंबट घालून नीट शिजवले नाहीत तर घसा खाजतो. शेवग्याचा पाला, माठ, चवळी या भाज्या तर बारमाही आहेत. मूग, मटकी, वाल यांना मोड आणले की त्यातील क जीवनसत्त्व वाढते आणि लोह अंगी लागण्यास मदत होते. आगरी घरांतले वालाचे बिरडे आपणही शिकून घ्यावे. डाळ आणि भात, पिठले आणि भाकरी या जोड्या उगाच पडलेल्या नाहीत. धान्यात जे प्रथिनांश कमी असतात ते डाळ भरून काढते आणि डाळीत जे कमी ते धान्य पुरवते. पालेभाजीवर लिंबू पिळले तर त्यातील लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी शोषले जाते. म्हणून जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवावे.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. जीवनसत्त्व ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही. जे अंडी-मासळी घेत नाहीत त्यांनी दूध-दही घ्यावे आणि जे तेही घेत नाहीत त्यांनी डॉक्टरांना विचारून त्याची गोळी घ्यावी. दुसरे असे की, आहार म्हणजे औषधाला पर्याय नव्हे. मधुमेह वा रक्तदाबाची गोळी कुणाच्या सांगण्यावरून, आमच्याही सांगण्यावरून, बंद करू नका. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पालेभाज्या आणि डाळींचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने किती जर्जर केले होते, हे आपण जाणतो. पाय दुखत, दृष्टी मंदावली, तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते आपल्यातून गेले. त्यांच्या अनुयायांनी तरी या रोगाला सहज दार उघडून देऊ नये.

मिठागरांच्या या मुलखात मिठाबद्दल बोललेच पाहिजे. दिवसभरात माणसी पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, सुके बोंबील, वेफर्स यांतले मीठही त्यातच धरायचे. विद्यार्थी मित्रांनो, थंड पेयाच्या तीनशे मिलिलीटरच्या बाटलीत सुमारे तीस ग्रॅम साखर असते. सहा-सात चमचे साखर घातलेला चहा तुम्ही प्याल काय? एकेकाळी दुसऱ्यांनी टाकलेले अन्न आपल्या पदरात पडत होते, ते आपण महाडला नाकारले. आज रंगीत पुडीत भरून जे निःसत्त्व अन्न आपल्या हाती दिले जाते ते आपण पैसे मोजून घेतो, हे काय आहे?

आता सर्वांत महत्त्वाचे. महाडला आपण उष्टे-शिळे सोडले, असे आम्ही म्हणालो. परंतु आपल्याच घरातली एक व्यक्ती आजही उरलेसुरले खाते. ती आपली आई, आपली पत्नी, आपली सून. सर्वांची जेवणे झाल्यावर पातेले खरवडून ती बसते. तोवर भाजी संपलेली असते, डाळीचा तळ उरलेला असतो आणि सकाळची भाकरी रात्री तिच्या वाट्याला येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील शंभरपैकी सत्तावन्न स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. घरोघरी फिरताना थकवा, चक्कर, धाप यांची तक्रार करणाऱ्या भगिनी आम्हाला भेटतात. पालेभाजी खा, असे त्यांना सांगावे तर त्या हसतात आणि म्हणतात, "भाऊ, उरली तर खाऊ ना!" या उत्तरापुढे आमचे सारे भाषण फिके पडते. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे त्या घरात तरी स्त्रीने उरलेले खाऊ नये. सर्वांनी एकत्र बसावे. ते जमत नसेल तर पहिल्याने तिचे ताट वाढून बाजूला ठेवावे. याला पैसा लागत नाही, फक्त मन लागते.

आरोग्य केवळ अन्नाने येत नाही. किती खावे हेही कळले पाहिजे. कोसलचा राजा प्रसेनजित भरमसाट भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपाशी राहायला सांगितले नाही. भोजनात मात्रा ओळखावी, असे सांगितले. राजाने जेवताना त्याची आठवण करून देण्यासाठी एक तरुण नेमला आणि हळूहळू त्याचा आहार कमी होऊन शरीर हलके झाले. उपाशी राहून शरीर झिजवण्याचा मार्ग सिद्धार्थ गौतमाने स्वतः अनुभवून सोडला होता. अतिभोजन नको आणि उपासमारही नको, हाच ताटातला मध्यम मार्ग होय.

आपल्या राईवरून उत्तनकडे जाणारा रस्ता पुढे गोराईच्या विपश्यना पॅगोडाकडे जातो. २००९ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात साधे शाकाहारी जेवण असते, दुपारचे जेवण अकराला असते आणि नव्या साधकांना सायंकाळी चहा-फळे मिळतात. घरी सर्वांनी तसेच करावे असे नाही. कष्टकऱ्याला आणि मधुमेह्याला ते झेपणारही नाही. पण रात्रीचे जेवण हलके आणि वेळेवर घ्यावे, जेवताना दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवावा, रोज अर्धा तास चालावे, दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे, पुरेशी झोप घ्यावी, हे तर जमेल? आणि पंचशील घेताना पाचवे शील आपण उच्चारतो, बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दारू, मिश्री, तंबाखू, गुटखा घरात ठेवून पालेभाजी खाण्याला काय अर्थ उरतो?

वैद्यराज जीवकाची कथा आपण ऐकली आहे. तक्षशिलेच्या गुरूने त्याला सांगितले, एका योजनाच्या परिसरात औषधी नसलेली वनस्पती दिसली तर घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला, कारण निरुपयोगी अशी एकही वनस्पती त्याला आढळली नाही. गुरूने त्याचे शिक्षण पूर्ण झाले, असे जाहीर केले. ज्या टाकळ्याला आपण तण म्हणून तुडवतो, त्याकडे जीवकाच्या नजरेने पाहायला आपण शिकू या.

आम्ही सांगतो म्हणून काही मानू नका. या आणि स्वतः पारखून पाहा, हीच धम्माची रीत आहे. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेल. तोवर प्रत्येक घराने तीन गोष्टी करून पाहाव्यात: रोज एक भाकरी, रोज एक पालेभाजी किंवा मोड आलेले कडधान्य, आणि घरातल्या स्त्रीचे ताट सर्वांत आधी. पौर्णिमेला पुन्हा भेटू तेव्हा आम्ही पहिला प्रश्न भगिनींनाच विचारू. त्यांचे उत्तर हाच आमच्या भाषणाचा निकाल समजू.

 सर्वांचे मंगल होवो, सर्वांना आरोग्य लाभो.

जयभीम! नमो बुद्धाय!