गाडीवर नाव कंपनीचे, चालक कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पेण, अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात ज्या तरुणाकडे जमीन नाही, किंवा आहे ती चार भावांत वाटली गेली आहे, त्याच्यापुढे जी मोजकी कामे उरली आहेत त्यांत टेम्पोचालकाचे काम पहिल्या दोनतीनांत येते. त्यातही शेव-फरसाण, वेफर्स यांसारख्या पाकिटबंद खाऊचा माल दुकानोदुकानी पोहोचविणारी गाडी मिळाली, तर घरच्यांना समाधान वाटते. वाळू नाही, खडी नाही, रात्रीचा लांबचा प्रवास नाही. गाडीच्या दोन्ही अंगांवर कंपनीचे नाव रंगविलेले असते आणि कित्येकदा अंगावरचा सदराही त्याच रंगाचा असतो. ‘मुलगा कंपनीत लागला,’ असे आई शेजारणीला सांगते.

वस्तुतः मुलगा कंपनीत लागलेला नसतो. कंपनी आपला माल वितरकाला विकते आणि तेथे तिचा हिशेब संपतो. गोदाम वितरकाचे, टेम्पो वितरकाचा अथवा त्याने भाड्याने घेतलेला, आणि चालक वितरकाने ठेवलेला. ‘ठेवलेला’ हाच शब्द येथे खरा आहे, कारण नेमणूक म्हणावी असे काही घडतच नाही. ओळखीच्या कोणीतरी नाव सुचवायचे, गोदामापासून नाक्यापर्यंत गाडी चालवून दाखवायची, परवाना दाखवायचा आणि ‘उद्या सकाळी ये’ एवढे ऐकून परतायचे. पगार किती, हे तोंडी ठरते. सुटी, जादा तास, अपघात झाल्यास खर्च कोणाचा, यांविषयी कोणी विचारत नाही. विचारणारा नकोसा होतो.

परवान्याविषयी एक गोष्ट चालकांना माहीत असली पाहिजे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याने मालवाहू टेम्पो चालविला, तर विमा कंपन्या अपघातानंतर ‘परवाना योग्य नव्हता’ म्हणून हात वर करीत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हा वाद मिटविला. एकूण वजन साडेसात हजार किलोच्या आत असलेल्या मालवाहू वाहनासाठी वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. खाऊचे टेम्पो बहुधा याच वर्गात येतात.

आता कामाचे स्वरूप पाहावे. हा माल हलका, पण जागा खाणारा. गाडी वजनाने भरत नाही, खोक्यांनी भरते. त्यामुळे चालकाचे काम टनांत मोजता येत नाही. ते दुकानांत मोजावे लागते. रेवदंडा, काशीद, नांदगाव, मुरूड अशी एक लाईन धरली, तर रस्त्यावर गाडी चालविण्यापेक्षा थांबणे, मागचे दार उघडणे, खोके उतरविणे, जुनी पाकिटे परत घेणे, पैसे मोजणे यांतच दिवस जातो. पुढे दिघी-श्रीवर्धनकडे जायचे, तर आगरदांड्याला फेरीबोटीची वाट पाहायची. पेणच्या बाजूने माल यायचा, तर मुंबई-गोवा महामार्ग आडवा. त्याच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी चालकाच्या पाठीचा मणका त्या कामाची साक्ष देतोच आहे. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी आले, नाताळात पर्यटक आले, की फेऱ्या वाढतात, पगार तोच.

म्हणजे हा एकच माणूस चालक आहे, हमाल आहे आणि वसुली कारकूनही आहे. मजुरी मात्र एकाच कामाची. संध्याकाळी हिशेबात तूट आली, पाकिटे फुटली, दुकानदाराने उधारी बुडविली, तर ती रक्कम त्याच्या पगारातून वळती होते. अशी कपात मनमानीने करता येत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही, नुकसान कामगाराच्याच हयगयीमुळे झाले असले पाहिजे आणि कपातीपूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे बंधन आहे. दुकानदाराने बुडविलेली उधारी ही चालकाची हयगय कशी ठरते?

कामाच्या तासांचा कायदाही जुना आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरविले. पण तो लागू होण्यास किमान पाच कामगार हवेत. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आणल्या गेल्या, त्यांत हा कायदा विलीन झाला आणि पाचाचे दहा झाले. याच संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळेल, असा गाजावाजा झाला. ती तरतूद ज्या संहितेत आहे, तिच्यातील आस्थापनेची व्याख्याच दहा कामगारांपासून सुरू होते. राज्य विम्यालाही साधारणतः दहा लागतात आणि भविष्यनिर्वाह निधीला वीस. तीन टेम्पो आणि पाचसहा माणसे असलेला तालुक्याचा वितरक यांतील कोणत्याही दारात येत नाही. शेकडो वितरकांचे चालक एकत्र मोजले, तर ती एक मोठी फौज होईल. परंतु कायदा त्यांना एकत्र मोजत नाही.

ही रचना या जिल्ह्याला नवी वाटू नये. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये येथे खोत उभा होता. कूळ पिढ्यान्‌पिढ्या शेत कसत असे, पण दप्तरात त्याचे नाव नसे. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला आणि जमिनी पडीक ठेवून तो सहा वर्षे, १९३९ पर्यंत चालविला. उपाशी राहून, जंगलातली लाकडे विकून त्यांनी मागितले त्यात एक गोष्ट साधी होती: कूळ म्हणून आमची नोंद करा. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे हाच प्रश्न होता. नोंद नाही, म्हणून हक्क नाही.

मात्र ही तुलना एका मर्यादेपर्यंतच ताणावी. तालुक्याचा वितरक हा खोत नव्हे. त्याची कमाई टक्क्यांवर, त्याच्या गाडीचे हप्ते थकलेले, आणि कंपनीने दुसरा वितरक नेमला की तो स्वतःही रस्त्यावर. लढा त्याच्या दुकानापाशीच थांबला, तर कंपनी हसत बाजूला राहील. चालकाने कोणत्या वारी कोणती लाईन घ्यायची, किती दुकाने करायची, कोणता नवा माल खपवायचा, हे जर वरून ठरत असेल, तर मालक कोण? न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी हुसेनभाई खटल्यात १९७८ साली याचे उत्तर दिले होते: कामगाराच्या उपजीविकेवर ज्याचा खरा आर्थिक ताबा, तो मालक, मधल्या कंत्राटदाराचा पडदा बाजूला सारून पाहावे. तो खटला दोरखंडाच्या कारखान्यातील कामगारांचा होता, माल विकत घेणाऱ्या वितरकाचा नव्हता. शिवाय २००१ च्या स्टील ऑथॉरिटी निकालापासून ही वाट बरीच अरुंद झाली आहे. न्यायालयाच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्राकडे याहून चांगले उदाहरण घरचेच आहे. मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठांत ओझी वाहणाऱ्याला एक मालक कधीच नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याचा माल, दुपारी दुसऱ्याचा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याने ‘मालक कोण’ हा वाद घालत न बसता मंडळ उभे केले. कामगाराची नोंद मंडळात, मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार यांची व्यवस्था त्यातून व्हायची. १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी हीच पद्धत कायद्याने स्वीकारली गेली. मग खोके उतरविणाऱ्या चालकासाठी ती का असू नये? लेव्ही मालाच्या किमतीवर कंपनीकडून घ्यावी, म्हणजे लहान वितरक मोडणार नाही. माथाडी मंडळांत नोंदणीतील गैरप्रकार आणि दांडगाई शिरल्या, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी नोंदणीची पद्धत कडक करावी, मंडळाची कल्पनाच टाकून देऊ नये.

अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला ते कलम थांबवून ठेवावे लागले. तो संप कोणत्याही पक्षाने घडविला नव्हता. डाव्या पक्षांनीही नाही, हे नमूद केले पाहिजे. दोन दिवसांनी चालक पुन्हा एकएकटे झाले, कारण त्यांची यादी कोणाजवळ नव्हती.

यादी करण्याचे काम कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे. साधी वही पुरे: चालकाचे नाव, गाव, परवान्याची मुदत, टेम्पोचा क्रमांक, वितरक, गाडीवर रंगविलेले कंपनीचे नाव, ठरलेला पगार, गेल्या महिन्यातील कपात. गोदामाच्या दारात हे विचारू नये. चालकाची नोकरी जाईल. आगरदांड्याच्या धक्क्यावर, बागमांडल्याला वेश्वीच्या बोटीची वाट पाहताना, वडखळ नाक्यावर चहाला गाड्या थांबतात तेव्हा विचारावे. फेरीबोट येईपर्यंत पाचसहा टेम्पोंची नोंद सहज होते.