भितरकनिकाची सहल : नियोजनाचा एक पाठ

(रायपूर येथील चौबे कॉलोनीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण एका सहलीचे नियोजन करणार आहोत. समुद्र पाहायचा म्हटले की रायपूरकरांची पावले पुरीकडे वळतात. त्याच किनाऱ्यावर, पुरीच्या ईशान्येस, ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यात भितरकनिका राष्ट्रीय उद्यान आहे. 'अटकेपासून कटकेपर्यंत' या शब्दप्रयोगातील कटक प्रांत 1751 ते 1803 या काळात नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. त्यामुळे हा प्रदेश आपल्या इतिहासालाही अपरिचित नाही. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात मात्र भितरकनिका दोन ओळींत आटोपते. तेथे जाण्याचा बेत आखू लागले की त्या दोन ओळींमागचे अर्थशास्त्र उलगडते.

नियोजन म्हणजे मर्यादित साधनांची निरनिराळ्या उद्दिष्टांशी सांगड घालणे. पंचवार्षिक योजना असो वा चार दिवसांची सहल, प्रश्न तेच असतात. केव्हा जायचे? कसे जायचे? खर्च किती? आणि शेवटचा, बहुधा विसरला जाणारा प्रश्न : या लाभाची झळ कोणाला बसते?

उद्यानाचा दर्जा

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. हे वन पूर्वी कनिकाच्या जमीनदारीत होते. जमीनदारी संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे आले. 1975 मध्ये सुमारे 672 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यातील 145 चौरस किलोमीटरच्या गाभ्याला 1998 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. लगतच्या समुद्रात 1997 पासून गहिरमाथा सागरी अभयारण्य आहे आणि 2002 मध्ये भितरकनिकाचा समावेश रामसर यादीत झाला.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांतील भेद परीक्षेत वारंवार विचारला जातो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात ते संपुष्टात आणावे लागतात आणि गुरे चारण्यासही मनाई असते. महाराष्ट्रातील मालवणचे सागरी क्षेत्र (1987) आणि ठाणे खाडीचे रोहित पक्षी क्षेत्र (2015) ही अभयारण्ये आहेत. त्यांच्या तुलनेत भितरकनिकाच्या गाभ्यातील निर्बंध अधिक कडक आहेत.

वेळापत्रक कोणाचे?

आपणांपैकी अनेकांच्या मनात परीक्षा आटोपल्यावर, मे महिन्यात जाण्याचा विचार येईल. नेमके त्याच वेळी उद्यानाचे दार बंद असते. दरवर्षी साधारणतः 1 मे ते 31 जुलै या काळात पर्यटकांना प्रवेश मिळत नाही, कारण तो खाऱ्या पाण्यातील मगरींच्या विणीचा हंगाम असतो. मादी हेंताळ या बुटक्या, काटेरी खजुराची पाने आणि चिखल यांचा ढीग रचून त्यात अंडी घालते. पिले बाहेर येण्यास सुमारे 70 ते 80 दिवस लागतात. या काळात ती घरट्याची राखण करते व अत्यंत आक्रमक असते. जानेवारीतही मगरींच्या गणनेसाठी काही दिवस प्रवेश थांबवला जातो.

येथे मागणीचा हंगाम आणि निसर्गाचा हंगाम परस्परविरोधी आहेत. बाजाराच्या नियमाने सुट्टीत दार सताड उघडे राहिले असते. संरक्षणाच्या नियमाने ते बंद राहिले, आणि त्याचे फळ डोळ्यांपुढे आहे. 1975 मध्ये डांगमाळ येथे मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला तेव्हा या परिसरातील मगरींची संख्या शंभराच्या आत होती. अलीकडच्या गणनांत ती अठराशेच्या घरात गेली आहे. तात्पर्य, आपली सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आखावी. थंडीत ऊन खाण्यासाठी मगरी चिखलाच्या काठावर येतात आणि स्थलांतरित पक्षीही त्याच सुमारास पाहावयास मिळतात.

मार्ग, नौका आणि भरती-ओहोटी

रायपूरहून रेल्वेने भुवनेश्वर किंवा कटक गाठावे. तेथून केंद्रापाडा व राजनगरमार्गे गुप्ती येथे रस्त्याने जाता येते. दुसरा मार्ग भद्रकहून चांदबाली असा आहे. पुढचा प्रवास नौकेचा आहे. वनविभागाचा परवाना, ओळखपत्र आणि मुक्कामाचे आरक्षण यांची व्यवस्था आधीच करावी. शुल्काचे दर बदलत असल्याने ते निघण्यापूर्वी वनविभागाकडूनच ताडून घ्यावेत.

कोकणातील मराठी माणसाला उधाण आणि भांग हे शब्द सांगावे लागत नाहीत; मैदानी भागात वाढलेल्या आपल्याला ते समजून घ्यावे लागतील. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ती उतरते, तो भांग. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. खाडीत नौका केव्हा शिरेल आणि चिखलाचे काठ केव्हा उघडे पडतील, हे त्यावर ठरते. म्हणून एकाच दिवसात सर्व उरकण्याचा अट्टहास न धरता एक दिवस हाताशी राखून ठेवावा. विद्यार्थ्याच्या दृष्टीने या सहलीचा सर्वांत मोठा खर्च तिकिटाचा नसून अभ्यासाच्या चार दिवसांचा आहे. अर्थशास्त्रात यालाच 'संधी खर्च' म्हणतात.

शुल्क आणि मूल्य

उद्यानाचे प्रवेशशुल्क म्हणजे उद्यानाचे मूल्य नव्हे. मग ते मूल्य मोजायचे कसे? हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने 1947 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला लिहिलेल्या पत्रात एक युक्ती सुचवली. लोक उद्यानापर्यंत पोहोचण्यासाठी जो पैसा आणि वेळ खर्च करतात, त्यावरून त्यांच्या लेखी उद्यानाची किंमत काढता येते. हीच पुढे 'प्रवास-खर्च पद्धती' म्हणून रूढ झाली. आपण रायपूरहून तेथे गेलो की आपलाही खर्च या हिशेबात जमा होतो.

परंतु जे पाहुण्याच्या खिशातून व्यक्त होत नाही, असेही मूल्य असते. 29 ऑक्टोबर 1999 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. त्यानंतर रुची बडोला व एस. ए. हुसैन या संशोधकांनी भितरकनिका परिसरातील तीन गावांच्या हानीची तुलना केली. त्यांचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. कांदळवनाच्या आडोशाला असलेल्या गावात प्रतिकुटुंब नुकसान सुमारे 33 डॉलर होते. ज्या गावाला कांदळवन नव्हते आणि बांधही नव्हता, तेथे ते 44 डॉलर होते. कांदळवन नव्हते पण बांध होता, त्या गावात मात्र नुकसान सर्वाधिक, सुमारे 154 डॉलर इतके होते. बांध फुटून आत शिरलेल्या खाऱ्या पाण्याला परत जाण्यासही तोच बांध अडथळा ठरतो, हे येथे ध्यानात घ्यावे. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही केंद्रापाडा जिल्ह्यात कांदळवनाचा पट्टा जितका रुंद, तितके वादळातील मृत्यू कमी, असे आढळले. कांदळवन ही सार्वजनिक वस्तू आहे. ती सर्वांचे रक्षण करते आणि कोणाकडेही पावती मागत नाही. म्हणूनच बाजारात तिची किंमत शून्य ठरण्याचा धोका असतो.

झळ कोणाला?

आता शेवटच्या प्रश्नाकडे वळू. मगरी वाढल्या, ही राष्ट्राची कमाई आहे. नदीकाठच्या कुटुंबाला मात्र त्याच नदीवर आंघोळीला, गुरे धुवायला जावे लागते. तेथे मगरींच्या हल्ल्यांत माणसे दगावतात. अनेक घाटांना कुंपण घालावे लागले आहे. गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे लाखोंच्या संख्येने अंडी घालण्यासाठी येतात. त्यांच्यासाठी धामरा, देवी व ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांलगत 1 नोव्हेंबर ते 31 मे असे सात महिने मासेमारीस बंदी असते. कासवे वाचवण्याचे श्रेय साऱ्या जगाला आणि चुलीची चिंता मच्छीमाराला, अशी ही विभागणी आहे. शासन अर्थसाहाय्य देते. तरीही संरक्षणाचा लाभ दूरवर पसरतो आणि त्याचा भार जवळच्यांवर पडतो, ही विषमता पूर्णतः मिटत नाही.

पर्यटनाने ही दरी काही अंशी बुजवता येईल, मात्र पर्यटकाचा पैसा गावात राहिला तरच. मोठ्या शहरातील मध्यस्थाला एकरकमी पैसे भरले तर त्यातील फारच थोडा भाग नदीकाठी पोहोचतो. म्हणून नियोजनात ही बाब लेखी धरावी : मुक्काम स्थानिकांच्या सहभागाने चालणाऱ्या निसर्ग शिबिरात, वाटाड्या गावचा, जेवण गावातल्या घरचे. गटही लहान असावा. नौकांची संख्या वाढली की खाडीची वहनक्षमता ओलांडली जाते आणि जे पाहायला आलो तेच दूर पळते. प्लॅस्टिक नेऊ नये. नेलेच तर परत आणावे.

आपले नाते

हा भार केवळ तेथेच निर्माण होत नाही. भितरकनिकाला गोडे पाणी पुरवणाऱ्या ब्राह्मणी नदीची एक उपनदी शंख आपल्या जशपूर जिल्ह्याला स्पर्श करून जाते. धमतरी जिल्ह्यातील सिहावा येथे उगम पावणारी महानदीदेखील त्याच किनाऱ्यावर, थोडी दक्षिणेस, पारादीपजवळ समुद्राला मिळते. तिच्या पाणीवाटपासाठी 2018 मध्ये लवाद नेमावा लागला. कांदळवनाला खारे आणि गोडे अशा दोन्ही पाण्यांचे मिश्रण लागते. वरच्या अंगाला गोडे पाणी अडले की मुखाशी क्षारता वाढते आणि कांदळातील नाजूक प्रजाती मागे हटू लागतात. नदीच्या वरच्या काठावर राहणाऱ्यांचे निर्णय खालच्या काठावरील वनाचे भवितव्य ठरवतात. अर्थशास्त्रातील 'बाह्य परिणाम' या संज्ञेचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी काही जण जिल्ह्याच्या प्रशासनात असतील. बंदीचा आदेश, नुकसानभरपाईची संचिका किंवा बांधाचा प्रस्ताव आपल्या टेबलावर येईल. तेव्हा नकाशावरील हिरव्या रंगाबरोबर त्याच्या कडेची गावेही दिसली पाहिजेत. ती दृष्टी पुस्तकातून अर्धी येते. उरलेली अर्धी ओहोटीच्या वेळी नौकेत बसून, काठावरच्या माणसाशी बोलून मिळवावी लागते. तेव्हा येत्या हिवाळ्यासाठी तारखा ठरवा, पंचांगात तिथी पाहा आणि परवान्यासाठी वेळेवर अर्ज करा.