गच्चीवरचं विमान

आम्ही पाटोद्याहून बोलतोय. मागच्या वेळी शेवयाच्या मशीनला घरात जागा कुठं करायची, ते बोललो. आज घरातल्या विमानाच्या कारखान्याचं ऐका.

मुंबईत कांदिवलीला वैमानिक अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. लिफ्ट नाही. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन, सगळं अरुंद जिन्यानं वर चढवलं. आपल्याला पिठाची गिरणी उंबऱ्याच्या आत घ्यायला चार गडी लागतात! खाली एकत्र कुटुंबाचा स्वयंपाक, वर वर्षानुवर्षं ठोकाठोक. घरातल्या बायांनी ते कसं सोसलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

विमान झालं, पण जिन्यानं उतरणार कसं? सुटं केलं, क्रेननं खाली घेतलं. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणी 2017 च्या नोव्हेंबरात, उडवून बघायचा परवाना 2019 मध्ये.

आमच्या गटाची शेड उठतेय, कर्ज काढून. काल आम्ही दोरी घेऊन दाराची जागा मोजली. तीन फूट भरली. मिस्त्रीला थांबायला सांगितलंय.