वर्ग चांगला कशावरून म्हणावा?

वर्ग म्हटलें कीं माझ्यासारख्या जुन्या शिक्षकापुढें फळा आणि बाकें उभीं राहतात. संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्येंही वर्ग असतात. कांहीं माहिती आणि ती हाताळणाऱ्या कृति एकत्र बांधल्या म्हणजे ऑब्जेक्ट होतो, व अशा ऑब्जेक्टांचा जो सांचा, तो वर्ग. नॉर्वेंत १९६७ सालच्या सिम्युला भाषेंत ही कल्पना प्रथम साकार झाली.

धाराशिव जिल्ह्यांतील ज्या शाळेंत मी होतों, तेथें फी, हजेरी व निकाल यांसाठीं असेंच एक सॉफ्टवेअर होतें. एके वर्षीं फीसवलतीचा नियम बदलला. तेवढा फरक करतांच कित्येक मुलांची हजेरी शून्य दिसूं लागली! एका गुणी मुलीस परीक्षेस बसतां येणार नाहीं, असा कागद छापून निघाला. तिचे वडील ऊसतोडीवरून धांवत आले. त्यांची समजूत घालतांना माझी पुरेवाट झाली. कारण फीचा आणि हजेरीचा संबंध काय, हें मलाच कोठें ठाऊक होतें!

असे छुपे संबंध मोजतां येतात. श्याम चिदंबर आणि ख्रिस केमेरर यांनीं १९९४ सालीं अमेरिकेंत सहा मापें मांडलीं. त्यांपैकीं दोन मला विशेष पटलीं. पहिलें परावलंबनाचें: एक वर्ग इतर किती वर्गांशीं गुंतला आहे? दुसरें एकजिनसीपणाचें: वर्गांतील निम्म्या कृति फीच्या माहितीला हात लावीत असतील आणि निम्म्या हजेरीच्या, तर तो वर्ग नव्हे, एका खोलींत कोंबलेल्या त्या दोन तुकड्या होत.

सुधारणेची रीत मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या 'रिफॅक्टरिंग' या ग्रंथांत आहे. बाहेरून दिसणारें वर्तन न बदलतां आंतील रचना लहान पायऱ्यांनीं बदलावी आणि दर पायरीला चांचणी घ्यावी.

मात्र आकड्यालाच भुलूं नये. अपेक्षित प्रश्न पाठ करून गुण मिळविणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले आहेत. केवळ एकजिनसीपणा साधावा म्हणून वर्गाचे बारीक तुकडे पाडले, तर प्रत्येक तुकड्याला दहा शेजाऱ्यांची दारें ठोठवावीं लागतात. म्हणून दोन्ही मापें शेजारीं ठेवून पाहावीं, आणि मग प्रत्यक्ष रचना वाचावी.

आमच्या शाळेंत पुढें एका तरुणानें फी व हजेरी यांचे दोन स्वतंत्र वर्ग केले. त्यानंतर फीचा नियम पुन्हा एकदां बदलला. हजेरीचा आकडा जागचा हलला नाहीं.