वेग कुठे हरवतो?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'विज्ञान, खेळ आणि संगणक यांतली उच्च कामगिरी'. आपल्या सभांमध्ये अशा विषयाची सुरुवात कशी करायची ते मला ठाऊक आहे. नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिझ्मीचं नाव घ्यायचं, 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्या नावावरून आला हे सांगायचं आणि टाळ्या घ्यायच्या. गोष्ट खरी आहे. पण त्या टाळ्या त्याच्या आहेत, माझ्या नाहीत आणि तुमच्याही नाहीत. म्हणून मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करतो.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. आमच्याकडे एक प्रोग्राम रोज रात्री अकराला सुरू व्हायचा आणि सकाळी सहाला संपायचा. वीस लाख ग्राहकांचा हिशेब करायचा. सात तास फार होतात, कमी कर, असं मला सांगितलं गेलं. मी उत्साहाने कामाला लागलो. हिशेबाचा सगळा भाग नव्याने लिहिला, त्यात हुशारीचे जितके प्रकार शिकलो होतो ते सगळे वापरले. तीन आठवडे गेले. वाचली किती मिनिटं? बारा.

शेजारच्या टेबलावरच्या एका सीनियर बाईंनी एकच प्रश्न विचारला, "वेळ कुठे जातो ते मोजलंस का?" मोजलं नव्हतं. वेळ कुठे जात असेल याचा मी अंदाज केला होता, आणि जिथे माझी हुशारी दिसेल तिथेच तो जात असणार असं धरून चाललो होतो. मग प्रोफायलर लावला. प्रोफायलर म्हणजे प्रोग्रामचा कोणता भाग किती वेळ खातो ते दाखवणारं साधन. त्याने दाखवलं की सात तासांपैकी साडेपाच तास माझा प्रोग्राम काहीच करत नव्हता. नुसता उभा होता. प्रत्येक ग्राहकासाठी तो डेटाबेसला एक वेगळा प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट पाहायचा. एका प्रश्नाला दहा मिलिसेकंद, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्याही आत. पण ग्राहक वीस लाख. वीस हजार सेकंद झाले. साडेपाच तास! एका वेळी हजार ग्राहकांची माहिती मागवायची, एवढा बदल केला. दोन दिवसांचं काम. प्रोग्राम एक तास पस्तीस मिनिटांत संपायला लागला.

आता गंमत बघा. ज्या भागावर मी तीन आठवडे घातले, तो भाग जादूने शून्य सेकंदांत झाला असता तरी दीड तासच वाचला असता. हा नियम माझ्या जन्माच्या कितीतरी आधी सांगून ठेवलेला होता. जीन ॲम्डाल हे आयबीएमच्या सिस्टीम/३६० या गाजलेल्या संगणकाचे मुख्य रचनाकार. १९६७ मध्ये त्यांनी एक साधं गणित मांडलं. समजा काम शंभर मिनिटांचं आहे. त्यातली नव्वद मिनिटं अनेक यंत्रांत वाटता येतात, दहा मिनिटं मात्र एकापाठोपाठ एक अशीच करावी लागतात. दहा यंत्रं लावा, काम एकोणीस मिनिटांत होईल. शंभर लावा, जवळजवळ अकरा मिनिटं. दहा हजार लावा, तरी दहाच्या खाली येणार नाही. जो भाग अडून बसला आहे, तोच शेवटी तुमचा वेग ठरवतो.

आणि संगणकात अडून बसणं म्हणजे बहुतेक वेळा वाट पाहणं. प्रोसेसरच्या अगदी जवळच्या स्मृतीतून माहिती यायला साधारण एक नॅनोसेकंद लागतो. हा एक नॅनोसेकंद आपण एक सेकंद मानू. मग मुख्य मेमरीतून माहिती यायला दीड-दोन मिनिटं लागतील. आणि जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवरून? जवळजवळ चार महिने. म्हणजे जगातला सगळ्यात हुशार माणूस आणून बसवलात, आणि त्याला लागणारा कागद चार महिन्यांनी हातात दिलात, तर तो 'स्लो' ठरणार. यंत्राला आपण निदान मंद म्हणत नाही. आधी केबल तपासतो.

विज्ञानात तर मोठमोठी कामगिरी म्हणजे वर्षानुवर्षं केबलच तपासत बसणं. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळा तुम्ही ऐकल्या असतील. चार-चार किलोमीटरचे दोन हात, काटकोनात. त्यांत लेझर सोडायचा आणि गुरुत्वीय लहर गेली की त्या हातांच्या लांबीत पडणारा फरक पकडायचा. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. २००२ ते २०१० या पहिल्या टप्प्यात त्यांना एकही लहर सापडली नाही. मग यंत्रणा सुधारली, आणि १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर मिळाली. मधली वर्षं कशात गेली? बरीचशी गोंगाट शोधण्यात. जमीन हलते, आरसे तापतात, लांबवरून ट्रक जातो. हे सगळं ओळखून एकेक करून कमी करायचं.

त्यातला एक गोंगाट मला फार आवडतो. २०१७ च्या उन्हाळ्यात हॅनफर्डच्या वेधशाळेत मोजमापात विचित्र टिचक्या दिसायला लागल्या. शोध घेतला तर बाहेर एका थंड नळीवर बर्फ साचत होता आणि तहानलेले डोमकावळे तो बर्फ टोचत होते! शास्त्रज्ञांनी बर्फावरच्या चोचींच्या खुणा पाहिल्या, मग स्वतः तसंच टोचून पाहिलं. तशीच टिचकी उमटली. तेव्हा मान्य केलं की हो, हे कावळेच. आणि नळीचा बंदोबस्त केला. विश्वाच्या दुसऱ्या टोकाचं ऐकायचं असेल तर आधी दारातल्या कावळ्याची नोंद घ्यावी लागते. याच जातीची वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारायला २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे. मराठवाड्यातल्या मुलामुलींनो, तिथे फक्त शास्त्रज्ञ लागणार नाहीत. इलेक्ट्रिशियन, वेल्डर, प्रोग्रामर, सगळे लागतील. लक्ष ठेवा.

आता खेळ. इथे वाट अडवणारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, कारण ती हवा आहे. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात केनियाचा एलिउड किपचोगे ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला. मॅरेथॉनचं अंतर दोन तासांच्या आत धावणारा तो पहिला माणूस. ती चित्रफीत जरूर बघा, पण बघताना त्याच्याकडे बघू नका. त्याच्या आजूबाजूला बघा. त्याच्यापुढे पाच धावपटू आहेत आणि मागे दोन. पुढचे अशा आकारात धावतात की वारा त्यांच्या अंगावर यावा, त्याच्या नाही. थोड्या वेळाने ते बाजूला होतात, नवे सात येतात. असे एकूण एकेचाळीस. त्यांत ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवलेलेही होते. सगळे एका माणसाचा वारा अडवायला आले होते. पुढे चाललेली गाडी रस्त्यावर लेझरच्या रेषा टाकून वेग दाखवत होती.

म्हणूनच ती धाव अधिकृत विक्रम धरली गेली नाही. बदलते वेगकरी घेऊन धावलेलं नियमात बसत नाही. मला हे फार प्रामाणिक वाटतं. वेळ खरी, पाय खरे, पण वारा कोणी अडवला ते कागदावर लिहिलेलं आहे.

माझ्या निकालाच्या कागदावर ते लिहिलेलं नाही.

माझी आपा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही वाढलो. घरी दखनी, शाळा मराठी. आपाला बारावी सायन्सला एकसष्ट टक्के पडले, मला चौऱ्याऐंशी. घरात निष्कर्ष निघाला : मुलगा हुशार, मुलगी ठीक. मी इंजिनिअरिंगला गेलो. ती एक वर्ष बी.ए. ला गेली, मग लग्न झालं. हा निष्कर्ष मीही पुष्कळ वर्षं खरा मानला. खरं तर बारावीचं इंटिग्रेशन मला तिनेच शिकवलं होतं. ज्या गणितात मी अडायचो ते ती चुलीपाशी उभ्याने सोडवून द्यायची.

तेव्हा कोणी काही मोजलं नाही, त्यामुळे आकडा माझ्याकडे नाही. आठवतं ते सांगतो. मी अभ्यासाला बसलो की टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. पाहुणे आले तर अब्बा म्हणायचे, "उसकू मत उठाव, पढ रहा." आपा पुस्तक घेऊन बसली की पाणी, चहा, दार, पीठ, धाकट्याचे कपडे. प्रोसेसरला एका कामावरून उठवून दुसऱ्याला लावलं की पहिल्या कामाची जमवाजमव वाया जाते, परत आल्यावर ती नव्याने करावी लागते. त्याचा खर्च आम्ही इंजिनिअर मायक्रोसेकंदांत मोजतो, त्यावर भांडतो. आपाचा कोणी मोजला नाही. माझ्यापुढे दोन बायका वारा अडवत धावत होत्या, अम्मी आणि आपा, आणि वेळ सगळी माझ्या नावावर लागली.

इथे तुमच्यापैकी काहीजण म्हणतील की बाहेरच्या वाऱ्याचं काय? तो आहेच. पुण्यात मी खोली शोधत होतो तेव्हा फोनवर खोली असायची आणि नाव सांगितलं की ती 'आत्ताच गेलेली' असायची. तीन महिने मी रोज चार तास प्रवासात घालवले. माझ्यासोबतची मुलं तेवढ्या वेळात झोपत होती किंवा शिकत होती. तोही हिशेबात धरायलाच हवा आणि त्यावर बोललंही पाहिजे. आपण बोलतोही. पण हिशेबाच्या वहीला दोन रकाने असतात, आणि घरातला रकाना कोरा ठेवून बाहेरचाच भरत राहिलो तर मी त्या तीन आठवड्यांसारखंच करतोय.

मोजण्यातही एक फसवणूक असते, ती सांगून ठेवतो. २०१३ च्या सुमारास काही मोबाईल कंपन्या पकडल्या गेल्या. त्यांचा फोन वेगाची चाचणी सुरू झाली की ते ओळखायचा आणि तेवढ्यापुरता जोरात धावायचा. आपल्याकडे त्याला गाईड पाठ करणं म्हणतात. तेव्हा मोजायचं ते स्वतःला दाखवायला, दुसऱ्याला दाखवायला नाही.

मागच्या वर्षी आपाचा फोन आला. तिची मुलगी अकरावी सायन्सला आहे. पहिल्या चाचणीत फिजिक्स, मॅथ्स दोन्ही कमी. "क्लास लावू का? तीस हजार मागतायत." मी म्हटलं, आधी एक आठवडा मोजू. किपचोगेसुद्धा आपल्या प्रत्येक सरावाची नोंद साध्या वहीत करत आला आहे. भाचीला वहीत तीन रकाने आखायला सांगितले : कितीला बसले, कितीला उठले, का उठले. चौथा काही नाही.

सात दिवसांत ती एकवीस तास बसली होती. चौऱ्याऐंशी वेळा उठली होती. म्हणजे सरासरी पंधरा मिनिटांचा तुकडा. सगळ्यात लांब तुकडा पस्तीस मिनिटांचा, तोही घरातले सगळे एका लग्नाला गेले होते त्या दिवशीचा. 'का उठले' मध्ये दार, पाणी, भावाचा डबा, सिलिंडरवाला, दार, चहा, दार.

मला वाटलं होतं आता दुल्हाभाईंशी बोलावं लागेल, मी तयारीही केली होती. गरज पडली नाही. त्यांनी जेवताना ती वही मागितली, दोन पानं वाचली, आणि काही न बोलता ताट उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सात ते नऊ दार ते स्वतः उघडतात आणि पाणी धाकटा देतो. आपा म्हणाली, "मैं बी कित्ती बार हाक मारती, मेरेकुच मालूम नै था." हे ती फोनवर हसत म्हणाली, आणि मग थोडा वेळ दोघंही गप्प होतो.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात लांब तुकडा एक तास पन्नास मिनिटांचा झाला. मार्कांचं काय ते वार्षिक परीक्षेनंतर कळेल, आत्ताच बढाई मारण्यात अर्थ नाही. क्लास अजून लावलेला नाही. नाही म्हणायला एक अडचण राहिली होती. भाचीने दुसऱ्या आठवड्याच्या पानाचा फोटो मला पाठवला आणि एका ओळीखाली लाल शाईने रेघ मारली. बुधवार, रात्री साडेआठ. का उठले? 'मामूचा फोन. अभ्यास कसा चाललाय ते विचारायला. ४० मिनिटं.'

आता मी रविवारी करतो.