रिकामा संगणक, भरलेली मेमरी
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रेल्वेचा माणूस संगणकावर काय बोलणार, असे काहींना वाटले असेल. पण कॉलनीत एक प्रश्न हमखास कानावर येतो. "एकही प्रोग्रॅम उघडलेला नाही, तरी 8 जीबीपैकी 3 जीबी रॅम गेली कुठे? व्हायरस आहे का? नवीन रॅम टाकू का?" खिशात हात घालण्यापूर्वी थोडे ऐकून घ्या.

आपण हात लावला नाही तरी संगणक जागाच असतो. स्क्रीन, नेटवर्क, अँटिव्हायरस यांची कामे चालू असतात आणि त्यांना रॅम लागतेच. जागा मुबलक असेल तर विंडोज त्यांना ऐसपैस बसू देते. टंचाई आली की आवरायला लावते.

दुसरे म्हणजे, बंद केलेल्या फाइलची प्रतही रॅममध्ये राहते. हार्ड डिस्कवर एक तुकडा शोधायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात, रॅममध्ये सुमारे 100 नॅनोसेकंद. फरक लाखपटीचा! आमच्याकडे पिट लाइनवर गाडी तपासताना ब्रेक ब्लॉक हाताशी ठेवतात. दरवेळी स्टोअर डेपो गाठायचा म्हटले तर गाडी सुटणार कधी? तसेच हे. जागा हवी झाली की ती प्रत लगेच सोडून देता येते, कारण मूळ फाइल डिस्कवर असतेच.

2007 साली आलेल्या व्हिस्टातील 'सुपरफेच' तर आपल्या सवयी पाहून लागणारे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवू लागले. लिनक्समध्येही 'फ्री'चा आकडा लहान दिसून लोक घाबरत. म्हणून 2014 मध्ये खरोखर किती मेमरी मिळू शकेल, याचा वेगळा अंदाज त्यात दिला गेला.

तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये 'फ्री' नव्हे, 'अव्हेलेबल' पाहा. 'रॅम क्लीनर'च्या नादी लागू नका. तो चालू प्रोग्रॅमची पाने बाहेर ढकलतो, आकडा छान दिसतो. पण तीच पाने पुन्हा आणावी लागतात आणि संगणक उलट रखडतो.

काळजी केव्हा करावी? 'अव्हेलेबल' संपत आले असेल आणि डिस्क सतत खडखडत असेल तेव्हा. एखाद्याच प्रोग्रॅमचा आकडा विनाकारण वाढत राहिला तर ती गळती समजा. तो बंद करून पुन्हा सुरू करा. तरीही जागा कमी पडली, तरच रॅम विकत घ्या.

रॅम ही वापरण्यासाठी असते, शिल्लक दाखवण्यासाठी नाही. एवढे लक्षात ठेवलेत तरी पुष्कळ.