उपचारांना नकार : विरक्ती की निराशा?

(शिवाजी पेठ, कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिवाजी पेठ ही तालमींची पेठ. शरीर घडवावे, राखावे आणि समाजाच्या कामी लावावे, हा संस्कार येथे लाल मातीतून मिळतो. अशा पेठेत, उपचारांनी आयुष्य वाढण्याची शक्यता असताना ते नाकारावेत काय, हा प्रश्न काहींना विपरीत वाटेल. परंतु ज्या घरात वृद्ध माता-पिता आहेत, त्या प्रत्येक घरासमोर आज तो उभा आहे. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून घाईघाईने निर्णय घेण्याची वेळ येण्यापूर्वी त्याचा शांतपणे विचार होणे हितावह आहे.

या विषयात प्रथम स्मरण होते ते स्वातंत्र्यवीर सावरकरांचे. १ फेब्रुवारी १९६६ पासून त्यांनी अन्न व औषधे वर्ज्य केली आणि २६ फेब्रुवारी रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी देह ठेवला. आत्महत्या आणि आत्मार्पण यांतील भेद त्यांनी त्यापूर्वीच लेखातून मांडला होता. निराशेने जीवनाचा घात करणे वेगळे. जीवितकार्य पूर्ण झाल्यावर, शरीर थकल्यावर, तृप्त मनाने निरोप घेणे वेगळे.

हा प्रसंग सांगताना अंदमानातील सावरकर मात्र अनेकदा विसरले जातात. कोठडीतील यातनांमध्ये आत्मघाताचा विचार आपल्याही मनात आला होता आणि विवेकाने तो परतविला, हे त्यांनी ‘माझी जन्मठेप’मध्ये नोंदविले आहे. अन्नत्यागाने मृत्यूच्या दारी पोहोचलेल्या नानी गोपाल या तरुण राजबंद्याचे मनही त्यांनीच वळविले. तरुणपणी मरणाला नकार देणारे आणि वृद्धापकाळी औषधाला नकार देणारे सावरकर एकच आहेत. दोन्ही वेळी कसोटी एकच होती : कर्तव्य शिल्लक आहे की नाही?

कोल्हापूरच्या परिसराला आणखी एक उदाहरण जवळचे आहे. बेळगाव जिल्ह्यातील भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांची दृष्टी वार्धक्यात क्षीण झाली. पायाखालचा जीव दिसेनासा झाला, तर मुनिधर्मातील अहिंसा पाळायची कशी? या विचाराने त्यांनी सल्लेखना स्वीकारली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी कुंथलगिरी येथे समाधिमरण साधले. पुढे आचार्य विनोबा भावे यांनीही हृदयविकाराच्या झटक्यानंतर पवनार येथे अन्न, पाणी व औषध नाकारले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांचे निर्वाण झाले. ते ८७ वर्षांचे होते.

आता दुसरी बाजू पाहावी. पूजनीय श्रीगुरुजींना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा त्यांनी १९७० साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेतली. वैराग्य त्यांच्याकडे कमी नव्हते. पण कार्य शिल्लक होते. ५ जून १९७३ रोजी देहावसान होईपर्यंतचा काळ त्यांनी त्या कार्याला दिला. म्हणजेच उपचार घेण्यातही वैराग्य असू शकते आणि नाकारण्यातही. मोल आहे ते त्यामागील भावनेला.

खरा धोका येथेच आहे. घरातील आजी म्हणते, “माझ्यावर खर्च करू नका, नातवाच्या शिक्षणाला ठेवा.” वेळेवर उपचार झाले तर बरा होणारा रोग ती अंगावर काढते आणि घरातील मंडळी त्याला विरक्ती म्हणतात. ती विरक्ती नव्हे. आपण ओझे झालो आहोत, ही भावना तिच्या मनात कोणी ना कोणी रुजविलेली असते. बिलाच्या भीतीने गरिबाने दिलेला नकार हा त्याचा निर्णय नसतो. तो समाजाचा पराभव असतो. थोर पुरुषांचे दाखले देऊन अशा नकारावर पांघरूण घालणे हा त्या पुरुषांचाही अपमान आहे.

सेवा म्हणजे काय, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी दाखविले. १९७३ साली अमानुष अत्याचाराची बळी ठरलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना त्यांनी ४२ वर्षे सांभाळले. अरुणाताईंना स्वतःची इच्छा सांगता येत नव्हती. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याबाबतची इच्छामरणाची याचिका फेटाळताना या परिचारिकांच्या भावनेला मान दिला. त्याच निकालात मरणासन्न वा दीर्घकाळ बेशुद्ध रुग्णाचे निरर्थक कृत्रिम उपचार थांबविण्याचा मार्गही कठोर अटींसह खुला केला.

९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य करून आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला वैधता दिली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने प्रक्रिया सुलभ झाली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून इच्छापत्र साक्षांकित करता येते. पुढे उपचार थांबविण्यासाठी डॉक्टरांच्या दोन मंडळांचा विचार घ्यावा लागतो. विषारी इंजेक्शन देऊन मृत्यू घडविणे मात्र आजही गुन्हाच आहे.

तेव्हा प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात. घरातील ज्येष्ठांना, ते हिंडते-फिरते असतानाच, व्हेंटिलेटरविषयी त्यांची इच्छा विचारावी आणि ती लिहून घ्यावी. कोणी उपचार नको म्हटले, तर होकार देण्यापूर्वी वेदना, एकटेपणा वा पैसा यांपैकी काय बोचते आहे, याचा शोध घ्यावा. आणि बोचणी पैशाची असेल, तर ती शेजाऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी वाटून घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे पूर्ण करून देणे, रुग्णाजवळ रात्रीची पाळी करणे, रक्तदात्यांची यादी तयार ठेवणे, ही कामे प्रत्येक गल्लीत होऊ शकतात.

एवढे सारे केल्यानंतरही एखाद्या वृद्धाने शांत चित्ताने “आता पुरे” म्हटले, तर त्याचा हात हातात घेऊन बसावे आणि त्याच्या इच्छेचा मान राखावा.